घोडा घ्यावा की पाणबुडी?

पत्र: ताई, मी गोव्यातल्या पेडणे तालुक्यातला. वय 24. मोरजीच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर काम करतो. चवथ झाली, आता ऑक्टोबरपासून सीझन सुरू होईल. मग मार्चअखेरपर्यंत रात्री घरी आल्यावर जेमतेम एक तास माझा असतो, शिवाय आठवड्याची एक सुट्टी. गेल्या महिन्यात पहिल्यांदाच स्वतःच्या पैशांनी लॅपटॉप घेतला, साधंच ग्राफिक्स कार्ड असलेला. आता एक ओपन वर्ल्ड, म्हणजे मोठ्या जगात हवं तिथे हिंडता येणारा गेम घ्यायचा आहे, दोन परवडणार नाहीत. मित्र म्हणतात रेड डेड रिडेम्प्शन 2 घे, त्याच्यासारखा गेम झाला नाही. म्हापशाचा मावसभाऊ म्हणतो सबनॉटिका घे, रेड डेड म्हणजे नुसता सिनेमा. दोघांचं माझ्यासमोरच वाजलं. लॅपटॉप हॉलमध्ये असतो आणि सुट्टीच्या दिवशी अकरा वर्षांची बहीण शेजारी येऊन बसते. आई म्हणते, घराच्या मागे खरा समुद्र आहे, मग पडद्यावरच्या समुद्राला पैसे कशाला? तुम्हीच सांगा, कुठला चांगला?

उत्तर: आधी निर्णय सांगते, कारणं मागून. आता सबनॉटिका घे. रेड डेड पुढच्या जूनसाठी राखून ठेव.

तुझा मित्र आणि मावसभाऊ दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत आहेत. मोठी कलाकृती कुठली, असं विचारलंस तर मी क्षणभरही न थांबता रेड डेड म्हणेन. कुठलं जग खरोखर खुलं आहे, असं विचारलंस तर सबनॉटिका. आणि पेडण्याच्या एका मुलाने या सीझनमध्ये काय खेळावं, हा तिसराच प्रश्न आहे. तुला हवं आहे ते त्याचं उत्तर.

दोन्ही गेम 2018 चे. सबनॉटिका अपुऱ्या अवस्थेत 2014 पासूनच लोकांच्या हाती होता, पूर्ण होऊन आला तो जानेवारी 2018 मध्ये. रेड डेड 2 त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर आला आणि कॉम्प्युटरवर वर्षभराने. दोघांवर ‘ओपन वर्ल्ड’ असाच शिक्का आहे, पण जात वेगळी. रेड डेड हा ॲक्शन-ॲडव्हेंचर, बंदुका आणि घोड्यांचा वेस्टर्न. सबनॉटिका सर्व्हायव्हल, म्हणजे तहान, भूक आणि श्वास सांभाळत तगून राहण्याचा खेळ.

रेड डेडबद्दल मला मनापासून लिहायचं आहे, कारण तो आत्ता घेऊ नको म्हणताना त्याचं मोल कमी करायचं नाही. काळ 1899 चा. अमेरिकेत दरोडेखोर टोळ्यांचे दिवस सरत आलेत. रेल्वे आली, सरकारी माणसं आली, शहरांत विजेचे दिवे आले. आर्थर मॉर्गन हा डच व्हॅन डर लिंड नावाच्या म्होरक्याच्या टोळीतला जुना माणूस. ब्लॅकवॉटर गावातला एक दरोडा फसतो आणि सगळी टोळी बर्फाच्या डोंगरात पळून जाते, तिथून गोष्ट सुरू होते. डच प्रत्येक वेळी सांगतो की आणखी एकच मोठा हात मारू, मग सुटलो, मग ताहितीला जाऊन आंबे पिकवू. मानकुरादच्या मुलखात वाढलेल्या तुला त्या आंब्यांचा मोह लगेच कळेल. तो मोह किती जणांना कुठे नेतो, तीच त्या गेमची गोष्ट.

त्या गेमचं खरं काळीज टोळीच्या तळावर आहे. रात्री शेकोटीशी कुणी गातं, कुणी भांडतं, कुणी मुकाट बसतं. आचाऱ्याला शिकार आणून द्यायची, सामाईक पेटीत पैसे टाकायचे, पाणी भरायचं, लाकडं फोडायची. यातलं बरंचसं केलं नाही तरी चालतं, पण केलंस की ती माणसं तुझी होतात. आर्थर स्वतःची वही लिहितो, तिच्यात प्राण्यांची, गावांची चित्रं काढतो, आणि ती वही कुठल्याही निवांत क्षणी उघडून वाचता येते. घोड्याला खरारा करायचा, खाऊ घालायचं, थोपटायचं. तो जखमी झाला आणि वेळेत उपचार केले नाहीस तर कायमचा जातो, दुसरा मिळतो पण तोच परत येत नाही. तू लोकांशी कसा वागतोस याचा हिशेब गेम ठेवतो. त्याचा परिणाम दुकानातल्या भावांवर होतो, रस्त्यातल्या नमस्कारांवर होतो आणि शेवटावरही होतो. 2018 च्या द गेम अवॉर्ड्समध्ये कथा, संगीत, ध्वनी आणि आर्थरचं काम करणाऱ्या रॉजर क्लार्कचा अभिनय, अशी पारितोषिकं त्याला मिळाली. ती योग्यच होती.

मग तुझा मावसभाऊ ‘नुसता सिनेमा’ का म्हणतो? कारण मिशन, म्हणजे गोष्टीतली ठरवून दिलेली कामगिरी, सुरू झालं की तो अफाट मुलूख एकदम अरुंद होतो. पिवळ्या रेषेवरून जा, इथे थांब, याच्या मागे चाल. सोबत्यापासून जरा लांब गेलास की मिशन फसलं. तुझ्या पेडण्यातला दशावतार आठव. आख्यान ठरलेलं असतं, पण रंगमंचावर उभा राहिलेला नट आपले संवाद आपणच रचतो, आणि माणसं रात्रभर जागतात ती त्यासाठी. रेड डेडच्या मिशनमध्ये आख्यानही ठरलेलं आणि संवादही ठरलेले, तुझ्या हाती फक्त बंदुकीचा नेम. मिशनबाहेर मात्र तो इतका मोकळा आहे की दिवसच्या दिवस नुसतं हिंडावंसं वाटतं. हे दोन स्वभाव एकाच गेममध्ये नांदतात, आणि मला विचारशील तर ते पूर्णपणे जुळलेले नाहीत. गोष्ट भक्कम म्हणून आपण ते चालवून घेतो, एवढंच.

आता पाण्याकडे.

सबनॉटिकात ऑरोरा नावाचं अंतराळयान 4546बी या ग्रहावर कोसळतं. तू एका छोट्या लाइफपॉडमध्ये, म्हणजे जीव वाचवणाऱ्या डब्यात, जागा होतोस. झाकण उघडून वर येतोस तर चहूकडे पाणी आणि दूर जळणारं यान. पुढे काय करायचं हे कुणी सांगत नाही. सुरुवातीला तुझ्याकडे 45 सेकंदांचा श्वास असतो. तेवढ्यात खाली जायचं, तांबं, टायटॅनियम, क्वार्ट्झ, जे सापडेल ते घ्यायचं आणि वर यायचं. लाइफपॉडमधल्या फॅब्रिकेटर नावाच्या वस्तू बनवणाऱ्या यंत्रात त्यातून हवेची टाकी होते आणि 45 चे 75 सेकंद होतात. त्या 30 सेकंदांचं सुख काय असतं ते खेळल्याशिवाय कळणार नाही.

हेच या गेमचं मर्म. तुला अडवणारी भिंत कुठेच नाही. पहिल्याच मिनिटाला कुठल्याही दिशेला पोहत सुटू शकतोस. अडवतो तो श्वास, अडवते खोली, अडवतो अंधार. सीमॉथ नावाची छोटी पाणबुडी बांधलीस की 200 मीटरपर्यंत जाता येतं, त्याखाली पाण्याच्या दाबाने ती चेपायला लागते. मग तिला मजबूत करायचं सामान शोधायचं, आणि ते सामान बहुतेकदा तू आजवर टाळलेल्या जागीच असतं. अशा पायऱ्या उतरत तू 1,000 मीटरहून खोल जातोस. तिथे काय आहे ते सांगत नाही. रेडिओवर अधूनमधून इतर लाइफपॉडचे संदेश येतात, गोष्ट हळूहळू उलगडते, पण ती शोधायला तुलाच जावं लागतं.

आणि या गेममध्ये नकाशा नाही. साधा कंपासही आधी स्वतः बनवावा लागतो. खुणेचे बीकन बनवून पाण्यात सोडायचे, त्यांना नावं द्यायची. रेड डेडचा मुलूख इतका मोठा की बर्फ, दलदल, वाळवंट आणि सेंट डेनिससारखं गजबजलेलं बंदर त्यात मावतं. सबनॉटिकाचा समुद्र त्यामानाने खूपच छोटा, मोरजीच्या किनाऱ्यावर संध्याकाळी चालत जाशील एवढाच. तरी तो मोठा वाटतो, कारण त्यातलं प्रत्येक वळण तू लक्षात ठेवलेलं असतं. लोक दोन ओपन वर्ल्ड गेमची तुलना करायला बसले की आधी मॅपचा आकार काढतात. मी ते माप कधीच मानलं नाही. नकाशा बंद करून किती लांब जाता येतं, हे बघावं. रेड डेडमध्येही कोपऱ्यातला छोटा नकाशा सेटिंगमधून बंद करता येतो, आणि जूनमध्ये तू तो बंद करून बघच. पण मिशनला लागलास की पुन्हा चालू करावासा वाटेल. सबनॉटिका मुळातच त्याच्याशिवाय रचलेला आहे.

बंदुकीचंही सांगते, कारण हॉलमध्ये बहीण बसते. सबनॉटिकाचे मुख्य रचनाकार चार्ली क्लीव्हलंड यांनी ठरवून या गेममध्ये मारायच्या बंदुका ठेवल्या नाहीत. डिसेंबर 2012 मध्ये अमेरिकेत सँडी हूकच्या शाळेत गोळीबार झाला, त्यानंतर जगात आणखी बंदुकांची भर घालायला त्यांचं मन धजेना, असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. हातात एक सुरी असते, पुढे प्राण्याला थोडा वेळ थिजवून ठेवणारं यंत्र मिळतं. बाकी युक्ती आणि पळ. त्यामुळे मोठा प्राणी दिसला की ‘याला कसं मारू’ हा विचार डोक्यात येतच नाही. तो काय खातो, कुठे फिरतो, त्याच्या बाजूने कसं निसटता येईल, हे बघायची सवय लागते. केल्प म्हणजे उंच समुद्री शेवाळ, त्याच्या रानात स्टॉकर नावाचे लांब तोंडाचे मासे लोखंडाचे तुकडे पळवतात, ते चावताना त्यांचे दात पडतात, आणि पुढे मोठ्या पाणबुडीला लागणारी कणखर काच त्या दातांपासून होते. ब्लॅडरफिश पकडून फॅब्रिकेटरमध्ये घातला की प्यायचं पाणी मिळतं. अकरा वर्षांच्या मुलीला हे सगळं किती आवडेल, विचार कर.

युरोपच्या पेगी या वयाच्या शिक्क्यात सबनॉटिकाला 7 आहे आणि रेड डेडला 18. रेड डेडमध्ये रक्तपात आहे, फाशी आहे, शिव्या आहेत, छळ आहे. ते त्या गोष्टीला लागतं, म्हणून मी त्याला नावं ठेवत नाही, पण ते तिच्यासमोर नको. ती आली की गेम बंद करायचा असं म्हणशील, तर सुट्टीचा एकमेव दिवस तिला हाकलण्यात जाईल आणि ती दाराआडून बघेल ते वेगळंच.

मात्र 7 च्या शिक्क्यावर विसंबून तिला सबनॉटिका एकटीला देऊ नको. तो गेम भीतीदायक आहे. रीपर लेव्हायथन नावाचा एक प्रचंड प्राणी आहे, तो दिसण्याआधी त्याची आरोळी ऐकू येते आणि मोठ्या माणसांचे हात माउसवरून सुटतात. उथळ पाणी तिला दे, खोल पाण्यात तू जा. वही आणि पेन तिच्या हाती दे आणि नकाशा तिलाच काढू दे. लाइफपॉडपासून कुठल्या दिशेला केल्प, कुठे लाल गवताचं पठार, कुठून आवाज येतो, सगळं कागदावर. गेममध्ये नकाशा नसल्याचा तुम्हा दोघांना होईल तो हाच फायदा, आणि तो मोठा आहे. तुला स्वतःला खोल पाण्याची खरोखरच धास्ती असेल, छाती धडधडत असेल, तर मात्र मला पुन्हा लिही, मग वेगळा विचार करू.

आता तुझा एक तास. सबनॉटिकात एक तास म्हणजे एक मोहीम. ठरवायचं की आज फक्त शिसं शोधायचं किंवा सीमॉथचे तुकडे स्कॅन करायचे, जायचं, परत यायचं, ठेवायचं. सगळा गेम 25 ते 30 तासांत होतो, म्हणजे सीझन संपायच्या आत तू तळ गाठशील. रेड डेडची नुसती मुख्य गोष्टच सुमारे 50 तासांची, आणि तो मुद्दाम संथ आहे. खण उघडायला वेळ, शिकार सोलायला वेळ, बंदुकीला तेल लावायला वेळ, घोड्यावरून गावाला जायला वेळ. तोच त्याचा थाट. ड्युटीवरून दमून आलेल्या माणसाला रात्री तो थाट जड जातो. तासभरात गावापर्यंतचा प्रवास आणि अर्धं मिशन होतं, आणि मिशनच्या मधे सेव्ह करता येत नाही. चार दिवसांनी परत बसलास की कोण कुणावर का रागावला होता ते आठवावं लागतं. गोष्टीचं असं तुकडे तुकडे होणं मला बघवत नाही, म्हणून जूनपर्यंत थांब म्हणते.

सेव्हचं मात्र फार लक्षपूर्वक वाच. सबनॉटिका आपणहून सेव्ह करत नाही. मेनूमध्ये जाऊन तुलाच सेव्ह करावं लागतं. आपल्याकडे ऑक्टोबरातल्या विजांच्या पावसात लाइट कधी जाईल सांगता येत नाही. लॅपटॉपला बॅटरी आहे हे खरं, पण गेम चालू असताना ती फार टिकत नाही आणि लॅपटॉप बंद पडेपर्यंत आपल्या लक्षात येत नाही. तेव्हा तळावर परतलास की सेव्ह, बाहेर पडण्याआधी सेव्ह. हे काम बहिणीवर सोपव, मुलं असल्या जबाबदाऱ्या आपल्यापेक्षा चोख पाळतात. सुरुवातीला खेळाचे प्रकार विचारतात तेव्हा ‘सर्व्हायव्हल’ घे. तहानभुकेची कटकट नको असेल तर ‘फ्रीडम’. ‘हार्डकोर’ला हात लावू नको, तिथे एकदा मेलास की सगळंच गेलं.

लॅपटॉपचं थोडक्यात. सबनॉटिकाला 20 जीबी जागा पुरते आणि साधं कार्डही चालतं. रेड डेडला 150 जीबी लागतात, किमान 8 जीबी रॅम, आणि बरा दिसायला हवा असेल तर 12 जीबी आणि 6 जीबीचं जीटीएक्स 1060 किंवा त्याच्या तोडीचं कार्ड. घरचं इंटरनेट कसं आहे ते तुला ठाऊक, 150 जीबी उतरवायला किती रात्री लागतील त्याचा हिशेब कर. सबनॉटिका हेडफोन लावून खेळ, त्यात अर्धी माहिती कानावाटे मिळते. आणि घेताना नाव नीट बघ. ‘बिलो झीरो’ हा 2021 चा पुढचा भाग आहे, तुला आधी पहिला हवा.

स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानातून घेणार असशील तर एक नियम उपयोगी पडेल. विकत घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळला असेल तर गेम परत करून पैसे मिळतात. सबनॉटिका आपल्यासाठी आहे की नाही हे दोन तासांत नक्की कळतं. रेड डेडचे पहिले दोन तास मात्र जवळजवळ बर्फातच जातात, आणि त्यावरून त्याची पारख करणं अन्यायाचं आहे. म्हणून तो परत करायच्या तयारीने घेऊ नको, वेळ काढूनच घे.

आईंचा प्रश्न मला आवडला आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. घरामागचा समुद्र खरा आहे, पण तुम्हा घरातल्या कुणालाही तो आतून दिसत नाही. दिसते ती लाट, होडी आणि बाजारातलं नुस्तं, म्हणजे मासळी. पाण्याखालचं बघायचं तर मुरगावजवळच्या ग्रांद बेटावर डायव्हिंगला जावं लागतं, आणि त्याचा एका माणसाचा खर्च या गेमहून जास्त आहे. सबनॉटिकातला समुद्र परक्या ग्रहावरचा, मासे काल्पनिक, पण खाली जाताना प्रकाश कसा कमी होतो, दाब कसा वाढतो, श्वासाचा हिशेब कसा ठेवावा लागतो, ही जाणीव त्यात खरी आहे. आईंना एकदा शेजारी बसव आणि उथळ पाण्यातला सकाळचा प्रकाश दाखव. त्यांना तरी पटलं नाही तर वाद घालू नको. पैसे तुझ्या कमाईचे आहेत, आणि रात्रीचा एक तास मागणं काही जास्त नाही.

रेड डेडची तयारी मे महिन्यात कर. 150 जीबी जागा मोकळी करून ठेव आणि स्टीमवर त्याला विशलिस्टमध्ये टाक. तिथे जूनअखेरीस उन्हाळी सेल असतो, त्यात रेड डेड बराच स्वस्त मिळतो. तेव्हा हॉटेलात गिऱ्हाईक कमी असेल, हातात सलग दिवस असतील आणि बहीण सकाळी शाळेत असेल. दुसऱ्या प्रकरणात टोळी हॉर्सशू ओव्हरलुकला तळ टाकते, तिथे मिशनची घाई करू नको. मित्र विचारतील की कुठवर आलास. त्यांना खुशाल सांग की अजून तळावरच आहे.